पिवळ्या नाकाच्या राक्षसाची निरवानिरव

मी, परसू देवाप्पा कणबरकर, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी उद्यमबागेतल्या फौंड्रीत लाकडी साचे रंगवणे, हल्ली खोकणे, राहणार अनगोळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. पत्नी राजाबाई हिचे मत वेगळे आहे, पण मृत्युपत्र माझे आहे.

कलम १. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक राजाबाईची, तिच्यामागे मुलगी इंदुताईची. माळ्यावरचे रंगाचे डबे राजाबाईला लग्नापासून फेकायचे आहेत. तेराव्यानंतर खुशाल फेकावेत, आधी हात लावू नये.

कलम २. माझी सायकल मेहुणा भीमाप्पा याला. "आत्ता आणतो दाजी," म्हणून तो नऊ वर्षांपूर्वी घेऊन गेला आहे. घंटी मी आधीच काढून ठेवली होती. ती त्याला देऊ नये.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. माझा भाचा धर्मराज अमेरिकेत शिकतो. तिकडे मोठी माणसे टेबलाभोवती बसून फासे टाकतात, कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, आणि गोष्ट रचत खेळतात म्हणे. त्या खेळातला अंगठ्याएवढा शिशाचा राक्षस त्याने चौऱ्याऐंशी साली आणला आणि म्हणाला, "मामा, तुमचा हात बारीक चालतोय, रंगवा की."

मी तीस वर्षे ज्या नियमाने साचे रंगवले त्याच नियमाने रंगवला. साच्यावरून ओतलेल्या लोखंडाची बाजू तशीच राहणार असेल तर लाल, मशीनवर घासायची असेल तर पिवळी. राक्षसाचे नाक आणि पोट घासल्याशिवाय जमण्यासारखे नव्हते, म्हणून ते पिवळे केले. दिवाळीत गल्लीतल्या किल्ल्याच्या दारावर तो पहारेकरी म्हणून उभा केला.

तिथे नागोजी मुचंडीकर आला. हा गणपती रंगवणारा, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यो राक्षस हाय का पंपाचं झाकण रं?" लोक लई हसले. मी चिडून म्हणालो, "तुझ्या गणपतीचा एक डोळा टिळकवाडीकडं बघतोय, एक उद्यमबागेकडं." त्यावर कोणी हसले नाही. तेव्हापासून तीन वर्षे तो माझ्याशी बोलत नाही.

मी शुद्धीवर असताना लिहून देतो की ते खोटे होते. गणपतीचे डोळे सरळ होते. नागोजीसारखे डोळे अनगोळात कोणी काढत नाही, आणि त्याच्याशिवाय मला संध्याकाळी करमत नाही.

राक्षसाचे डोळे अजून कोरे आहेत. मी खूप वेळा कुंचला उचलला आणि ठेवला. तरी माझ्या पश्चात राक्षस आणि माझा सर्वांत बारीक कुंचला नागोजीला द्यावा. डोळे त्याने काढावेत.

सहीपूर्वी घातलेला जादा मजकूर: नागोजीला मी मुद्दाम साक्षीदार म्हणून बोलावले होते. सहीला बोलावल्यावर कोणी नाही म्हणत नाही, आणि सहीआधी वाचावे लागते. तो आला आणि चष्मा लावून त्याने कलम तीन दोनदा वाचले. कागद तपासायला बसलेले वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष घालू नये. नागोजीने पेन खाली ठेवले.

"मग मी सही करत न्हाय. दुसरं कोन तरी बघा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आनि परसू, तू मरायची वाट कशाला बघू रं? आण हिकडं, डोळं आत्ताच काढतो."

काढले. राक्षस आता सरळ माझ्याकडे बघतो आहे. नाकही बदलतोस का, असे मी विचारले. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे पिवळंच. वळखू येतंय, कुणाचं हाय ते."

सबब कलम तीन रद्द समजावे. राक्षस आणि कुंचला नागोजीकडे माझ्या हयातीतच पोचले. बाकी मजकूर कायम.

सही: परसू देवाप्पा कणबरकर

साक्षीदार:
१. आण्णाप्पा भरमा पाटील, अनगोळ
२. मालुबाई सिद्राम चौगुले, शेजारीण (नागोजीऐवजी, ऐनवेळी, पिठाच्या हाताने)

बेळगाव, दिनांक ११ ऑक्टोबर १९८७