एका अंगाला खचलेली सीट

माय, आज सकाळी शेजारच्यांची गाडी धुवायला दोघे जण यंत्रसामग्री घेऊन आले होते. नळीतून फेस काय फवारला, वाफ काय मारली, आतली धूळ ओढून घेणारं यंत्र काय लावलं! मी बाल्कनीत चहाचा कप घेऊन तमाशा बघत बसले. त्यातल्या एकाने सीटवर कडक ब्रश घासायला घेतला तेव्हा मात्र मला राहवेना. वरून ओरडणारच होते, पण या वयात लोकांच्या गाडीवर ओरडणारी म्हातारी कोणाला हवी असते? तू असतीस तर जिना उतरून गेली असतीस, त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला असतास आणि वर म्हणाली असतीस, "कातडं आहे बापा, म्हशीची पाठ नाही." मला एकटीलाच हसू आलं, आणि चहा पार निवून गेला.

आपल्या अकोल्याच्या शेडमध्ये कामाची वाटणी ठरलेली होती. गाडीचं बाहेरचं बाबांचं, आतलं तुझं. बाबा पत्रा ठोकायचे, गंज खरवडायचे, पोचे आलेल्या जागी लांबीचा लेप भरायचे, रंग मारायचे, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचेही तेच. गाडीचा दरवाजा उघडला की तुझं राज्य. कातड्याचं काम तुझ्या माहेरचं. चपलांवर बसलेला हात तू गाड्यांच्या सीटवर आणलास, आणि त्या काळात बाईमाणूस मोटारीत शिरून काम करते म्हणून लोक मुद्दाम बघायला येत. तू त्यांच्याकडे पाठ करून काम करायचीस. मॅट्रिक झाल्यावर मी शिवणयंत्रावर तुझ्या जोडीला बसले. माझी एकेक शिवण तू नखाने चाचपून बघायचीस आणि काहीच बोलायची नाहीस. काही बोलली नाहीस म्हणजे बरी आहे, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

अमरावतीची ती मोठी अमेरिकन गाडी आली तेव्हा, म्हणजे आली नाहीच, आपल्यालाच तिच्याकडे जावं लागलं, कारण ती हलायच्या अवस्थेत नव्हती. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीच्या मालकांची गाडी. मालक गेल्यापासून कापसाच्या गोदामात उभी. आपण बडनेऱ्याला मावशीकडे उतरलो आणि रोज सकाळी अमरावतीला जायचो. पहिल्या दिवशी गोदामाचं दार उघडलं तेव्हा मला गाडी दिसलीच नाही. सरकीचा ढीग, रिकामी पोती आणि मध्ये रुईचा थर बसलेलं काहीतरी भलंमोठं. बाबांनी हाताने रुई बाजूला केली तर खाली गर्द हिरवा रंग निघाला, फुगून फोड आलेला. आत उंदरांनी संसार मांडलेला. छताचं कापड लोंबत होतं, लाकडी पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या, आणि वास असा की मी नाकाला पदर लावला. तू मात्र आत वाकून भरून श्वास घेतलास आणि म्हणालीस, "गाडी चांगल्या घरची आहे. सडली नाही, रुसली आहे."

मालकांच्या मुलाला ती दसऱ्याला हवी होती. त्या दिवशी गाडीची पूजा करून अंबादेवीला जायचं, आणि पूजेला दुसऱ्या जिनिंगवाल्यांना बोलावायचं असा त्याचा बेत. त्यांच्याही गाड्या अशाच कुठे कुठे पडून होत्या. "काम बघू द्या त्यांना, मग तुम्हाला अकोल्याला परत जायलाच मिळणार नाही," असं तो बाबांना म्हणाला. बाबा त्या रात्री मावशीकडे जेवताना दोनदा भाजी मागून जेवले. ही अमरावतीची कामं मिळाली तर तुझं नाव होईल, असं ते सारखं म्हणत होते. स्वतःचं नव्हे, तुझं. आतलं काम बघून लोक थक्क होतील, पत्रा तर काय कोणीही ठोकतो, असं म्हणायचे. तू त्यांना गप्प करायचीस, पण तुझ्या तोंडावर आनंद मावत नव्हता. मी बघत होते ना.

काय काम केलंस तू तेव्हा! रिठ्याचं पाणी फेसाळवून मऊ फडक्याने एकेक घडी पुसलीस, ओलं कातडं सावलीत वाळवलंस, आणि मग एरंडेल बोटांनी जिरवत बसलीस. लाकडाला जवसाचं तेल आणि मेण. उंदरांच्या वासावर कडुनिंबाचा धूर आणि वर संत्र्याची सालं. छत मी शिवलं. तिकडे बाबा जमिनीवर पाणी शिंपून, दाराला ओली पोती टांगून रंग मारत होते, कारण हवेतली रुई ओल्या रंगावर बसली की सगळं मातीमोल. पुढची सीट सगळ्यात वाईट होती. ती एकच लांबलचक सीट, या दारापासून त्या दारापर्यंत, आणि चालवणाऱ्याच्या बाजूने पार खचलेली. मालक देहाने दांडगे होते म्हणे. आपण ती उसवली, वाकलेल्या स्प्रिंगा काढून नव्या टाकल्या, जुनं भरण पोत्यात कोंबलं आणि नवीन भरलं. शिवून झाल्यावर तू तिच्यावर तळहात फिरवलास. तव्यावरच्या भाकरीसारखी एकसारखी फुगलेली. मला वाटतं, तुझ्या आयुष्यातली ती सगळ्यात देखणी सीट होती.

खंडेनवमीला काम संपलं. सकाळीच तू आरी, दाभण, कात्री धुऊन पाटावर मांडलीस, हळदकुंकू वाहिलंस. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा तुझ्या माहेरचा नेम, तू तो कधी मोडला नव्हतास. बाबा मावशीकडे गेले होते. दुपारी मालकीणबाई एकट्याच गोदामात आल्या. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. आतापर्यंत त्या दारातूनच बघून जायच्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचं दार उघडलं आणि चालवणाऱ्याच्या शेजारी बसल्या. बराच वेळ बसल्या. मग थोड्या इकडे सरकल्या, थोड्या तिकडे. "साजरी झाली," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. तू विचारलंस, "काही चुकलं काय बाई?"

"चुकलं काहीच नाही. भल्ली साजरी झाली. पण हे गाडी आमची वाटत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि तुला म्हणाल्या, "ये, बस इथी." कातडं शिवणाऱ्या घरातली तू, तू क्षणभर थबकलीस. मग चालवणाऱ्याच्या जागी जाऊन बसलीस. "हसजो नोको," त्या म्हणाल्या. "सायेब गाडी चालवत, मी इथी बसो. हे शीट त्यायच्या अंगाले खचेल होतं. किती बी दाराले चिकटून बसलं, तरी जिनिंगपासून देवीपर्यंत मी घसरत घसरत त्यायच्याजवळ. घरात सासूसासऱ्याइपुढं त्यायच्याजवळ बसता ये काय? गाडीत बसता ये. थे म्हणत, काय करते तू, शीटच असं आहे." एवढं सांगून त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले. "आज बसली, त जागच्या जागी. दगडावानी."

"पोराले सांगा ना," तू म्हणालीस.

"बाप्पा! पोराले? कोन्त्या तोंडानं सांगू? जाऊ दे वं माय. तुमी लय मेहनत केली." आणि त्या गेल्या.

तू तिथेच बसून राहिलीस, स्टिअरिंगवर हात ठेवून. मग मला विचारलंस, "जुनं भरण कुठी ठेवलं वं?" मी म्हटलं, मागे आहे, जाळायला. "घेऊन ये. स्प्रिंगा बी आण." मला वाटलं तू थट्टा करतेस. पण तू पाटावरची आरी उचललीस, तिच्यावरचं कुंकू लुगड्याला पुसलंस आणि सीटच्या कडेची शिवण उसवायला बसलीस. माझीच शिवण ती! मी रडकुंडीला आले. "काहून वं माय? उद्या सारे लोक पाहतीन! आजच्या दिवशी हत्यार काहून हातात घेतलं?" तू मान वर केली नाहीस. "देवी बी बाईच आहे," एवढंच म्हणालीस. उंदरांनी कुरतडलेलं वेचून टाकलंस, उरलेलं झटकून उन्हात घातलंस, आणि मग हाताने चाचपत, मध्येच बसून बघत, तो खड्डा परत घडवलास. नवं करणं सोपं असतं गं. कोणाचं तरी वजन परत भरणं, तेही ज्याला कधी पाहिलं नाही त्याचं, ते मी तेव्हाच पाहिलं, पुन्हा कधी पाहिलं नाही.

दसऱ्याला अंगणात गाडी उभी आहे. हिरवा रंग असा की त्यात झेंडूचं तोरण दिसतंय. जिनिंगवाले शेठलोक भोवती फिरतायत, बाबांची पाठ थोपटतायत. मालकीणबाई पूजेला पुढे आल्या नाहीत, तेव्हा विधवेने यायची रीत नव्हती, त्या मागे भिंतीला टेकून उभ्या. नारळ फुटला आणि मुलगा ऐटीत चालवायला बसला. बसला तो एका अंगाला कलंडलाच. कोणीतरी हसलं. "अकोल्याहून कारागीर आणले म्हणे!" मुलगा लालबुंद होऊन उतरला. "बाहेरून राजा आणि आत हे? अख्ख्या गाडीत ही एक सीट धड करता आली नाही तुम्हाला?" बाबा तुझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू माझ्या पायावर पाय दिलास, आणि तुझा पाय काही हलका नव्हता. "हो दादा," तू म्हणालीस. "माह्या हातानं राहून गेलं."

आणि मग मालकीणबाई भिंतीपासून निघाल्या. सगळ्यांच्या मधून आल्या, पुढचं दार उघडून मुलाच्या शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "चाल, देवीची वेळ होऊन राहिली." गाडी फाटकाशी वळली तसा आतून मुलाचा त्रासलेला आवाज आला, "आई, जरा तिकडे सरक ना." आणि त्यावर त्यांचं हसणं, मोठ्याने, दसऱ्याच्या दिवशी, भरल्या अंगणात. "काय करू बापा, शीटच असं आहे!"

तू तेवढं ऐकलंस आणि हत्यारं गोळा करायला वळलीस.

परतीच्या पॅसेंजरने मूर्तिजापूर गाठलं. मग बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "तुह्या हातून शीट बिघडत नसते." तू म्हणालीस, "बिघडलं नाही. होतं तसं केलं." अमरावतीची दुसरी कामं अर्थातच आली नाहीत. आपण ट्रकच्या, टॅक्सीच्या सीटा शिवत राहिलो, आणि तुझं नाव आपल्या रस्त्याच्या पलीकडे कधी गेलं नाही. मला त्याचा फार राग होता, माय, त्या शेठलोकांचा नव्हे, तुझा. कारागिराने आपल्याच हाताने आपलं नाव घालवावं? आता राग नाही. आता वाटतं की त्या अंगणात एकाच माणसाला तुझं काम कळलं आणि तुला तेवढं पुरलं. मला पुरलं नसतं, हे मात्र खरं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. एक सांगायचं राहिलं. मला तुझा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, हात आठवतात, पायावर दिलेला पाय तर अजून दुखतो, पण आवाज कधी गेला कळलंच नाही. म्हणून तुझी वाक्यं जशीच्या तशी तुझ्या वऱ्हाडीत लिहून काढली, आणि घरात कोणी नाही असं बघून मोठ्याने वाचली. प्रत्येक वेळी माझाच आवाज येतो.