माठाखालची चुंबळ

अहो,

आज केतकी येऊन गेली, म्हणून लिहायला बसले. तुमची घाटकोपरची विद्यार्थिनी, तुमचे कागद न्यायला आली होती. नाहीतर पत्र लिहायचं मनात नव्हतं. जिवंतपणी उत्तर मिळालं नाही, आता काय मिळणार!

शोकसभेत जो तो उठून सांगत होता, "सर अवघडातलं अवघड गणित कुणालाही समजावून सांगायचे." कुणालाही! मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय.

मुलुंडच्या या घरात दर रविवारी शिकायला मुलं यायची. मी पोहे घेऊन दारात आले की तुम्ही बोलता बोलता थांबायचात. "ठेव तिथे. जाताना दार ओढून घे." तुम्ही नेमकं करता काय, हे किती वेळा विचारलं मी? "नकाशे. तुला नाही कळायचं." मी भोळी, तुमच्या बहिणीला तेच सांगितलं. ती म्हणाली, मग आमच्या कर्जतच्या प्लॉटचा काढून दे म्हणावं! ते तुम्ही मुलांना रंगवून सांगितलंत. ओढलेल्या दारातूनही हसणं ऐकू येतं हो.

आणि चुंबळ आठवते? तुमच्या फाटक्या पंच्याची शिवलेली, माठाखालची. एकदा उचललीत आणि बॉलपेनने तिच्यावर ठिपके, रेघा काढत बसलात. "अहो, कालच शिवलीय!" तर म्हणे, "कामाचं आहे." धुऊनही शाई गेली नाही. शेवटी उलटी करून वर माठ ठेवला.

आज माठ पुसायला उचलला आणि ती केतकीच्या नजरेस पडली. उलटून बघते तर ओरडलीच, "काकू, हे सरांचं ना?"

"असेल बाई. मला नाही कळायचं."

"का नाही? सोप्पंय, बसा ना!"

कागदावर पाच ठिपके काढायला लावले. प्रत्येकातून दुसऱ्या प्रत्येकाकडे रेघ न्यायची, पण रेघेने रेघ ओलांडायची नाही. जमेना. चुंबळीवर मात्र जमतं, भोकातून पलीकडे जाता येतं ना! मग म्हणाली, प्रत्येक ठिपक्याभोवती कुठल्या रेघेमागून कुठली येते, तो क्रम म्हणजेच नकाशा. चित्र हरवलं तरी क्रमावरून पुन्हा उभं राहतं. आणि सरांचं काम त्याच्या पुढचं. एक ठिपका काढून टाकायचा, त्याच्या जागी अख्खा दुसरा नकाशा बसवायचा, सुटलेली टोकं क्रमाने जोडायची. त्याच्या आत आणखी एक. आधी आतलं जोडा की आधी बाहेरचं, शेवटी येतं तेच. या जोडणीच्या नियमांना ऑपरॅड म्हणतात.

मी म्हटलं, "सून आणतात तसं? नाती जुनी, क्रम जुना, मधे अख्खं माणूस नवं?"

केतकी हसली. "भारी! काकू, तुम्ही सरांना कधी विचारलंच नाही का हो?"

मी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

चहा निवायच्या आत कळलं मला. सगळं नसेल, पण एवढं कळलं. खरंच कळण्यापलीकडचं असतं तर सोसलं असतं मी. घरचे हिशेब ठेवते म्हणून अक्कल वाण्याच्या यादीएवढीच, असं धरलंत का? अथर्वशीर्ष रोज म्हणते, निम्म्याचा अर्थ येत नाही. गणपतीने कधी दार ओढून घ्यायला सांगितलं नाही.

आता या घरातला एक ठिपका निघालाय. तुमची बहीण, शेजारी, मी, सगळी टोकं सुटी लोंबताहेत. तिथे काय बसवायचं, ते तुमच्या कागदांत आहे का?

केतकीने चुंबळही मागितली. "कागद ने," म्हटलं, "ही नाही मिळायची. गुरुवारी शिकवायला येत जा. पोहे करीन, पण दार उघडं राहील."

एवढा शब्द देते, डोक्यात शिरेल तितकं शिकेन. पुढेमागे वर भेट झाली आणि "काय शिकलीस?" म्हणून विचारलंत, तर सांगेन. पहिल्या ठिपक्यापासून, तुम्हाला कळेपर्यंत.

तुमच्यासारखी नाही मी.

आज नुसतीच,
सुमन