त्याचं ‘मी’ माझ्या तोंडी

३ मार्च

पुन्हा काही नाही! शाळेच्या सभागृहात दिवसभर दोन्ही बाजू समोरासमोर, मध्ये परदेशी शिष्टमंडळ आणि मी, दुभाषी. पलीकडचे म्हणतात, आधी पूल उघडा. आपले म्हणतात, आधी आमच्या बेपत्ता माणसांचं काय केलंत ते सांगा. दोघांचं भांडण एकटीच्या घशाने भांडायचं म्हणजे काय चेष्टा आहे? आवाज पार बसलाय.

४ मार्च

सासूबाईंचा अबोला चालूच. ताट पुढे सरकवतात, तेवढंच. भाऊजी, यांचा धाकटा भाऊ, जखमींना घेऊन ॲम्ब्युलन्स चालवत पुलावर गेले ते परत आलेच नाहीत. आणि घरची सून ‘त्या लोकांच्या’ शेजारी बसून चहा पिते! हे म्हणतात, “आईला वेळ दे.” देतेच आहे.

८ मार्च

जमलं! आधी बेपत्ता माणसांबद्दल त्यांचे जबाब, दुसऱ्या दिवशी पूल. नातेवाइकांना समोर बसता येईल.

११ मार्च

पुलावरच्या चौकीचा त्यांचा अधिकारी बोलणार आहे. शिष्टमंडळाच्या बाईंना म्हटलं, यात माझ्या घरचं माणूस आहे, दुसरं कोणी बघा. “दोघांनाही चालेल असं दुसरं कोणी नाही,” म्हणाल्या. खरंच नाही.

घरी सांगितलं. सासूबाई एकदम म्हणाल्या, “मी येणार.” किती महिन्यांनी आवाज ऐकला!

१४ मार्च

दुभाष्याने ‘तो म्हणतो’ म्हणायचं नसतं. तो ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’.

अधिकारी भाऊजींच्याच वयाचा. मान खाली. तो बोलत गेला, मी बोलत गेले — “मी गाडी थांबवायला सांगितलं. थांबायला उशीर झाला. मला वाटलं, आत हत्यारं आहेत. मी गोळी झाडली.”

माझ्या आवाजात! सासूबाई पहिल्या रांगेत, यांच्या शेजारी. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

“ड्रायव्हरला मी नदीकाठी पुरलं. जागा दाखवीन.”

हे उठून बाहेर गेले.

मग तो आणखी एक वाक्य बोलला. अगदी हळू. ते मी सांगितलंच नाही. “इतकंच,” म्हणाले आणि पाणी प्यायले. इतक्या वर्षांत कुणाचा एक शब्द गाळला नव्हता. पण समोर आई बसलेली! ते वाक्य इथेही लिहवत नाही.

१५ मार्च

पूल उघडला. सायकली, हातगाड्या, कडेवर पोरं. एक म्हातारा मध्येच थांबून नुसता पाण्याकडे बघत राहिला. शिष्टमंडळाच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. उद्या निघतात, त्यांच्या सरकारला आता दुसरीकडची घाई.

१६ मार्च

भाऊजींना घरी आणलं.

१७ मार्च

सगळे गेल्यावर सासूबाई जवळ येऊन बसल्या. “शेवटचं वाक्य गाळलंस ना?” — आणि तेच वाक्य म्हणून दाखवलं. त्या अधिकाऱ्याच्या भाषेत, माझ्याहून स्वच्छ: “जीव जाताना तो आमच्या भाषेत आईला हाका मारत होता.”

“तुम्हाला कशी येते ही भाषा?” मी विचारलं.

“माझं माहेर पलीकडचं गं. एवढ्या वर्षांत घरात कुणाला कळू दिलं नाही. फक्त धाकट्याला शिकवली होती, लहानपणी, झोपवताना.”