मनोऱ्यातली हिरवी बाई

प्रिय डोलिना,

तुझं कार्ड पोचलं. सात दिवस, अकरा किल्ले आणि गुरुवारी दुपारी दोनला आमचा. एवढ्या वर्षांनी कॅनडातून येतेस, तीही थोरल्या बहिणीच्या घरी नाही, तर बसमधून, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून. असू दे. रागवायचा हक्क मला नाही, का ते पुढे येईलच. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस.

बसमध्ये डावीकडची खिडकी धर. ग्लेन्कोच्या दरीत पाचच मिनिटं थांबवतात, तिथे फोटोंच्या नादी लागू नकोस, नुसती उभी राहा. हेदर यंदा लवकर फुललंय, डोंगर जांभळे झालेत. संध्याकाळी तळ्याकाठी उतरलीस तर तोंडावर जाळी घे, आपली चिलटं पाहुणे ओळखून चावतात. बाबांनी आपल्याला मासळीच्या गाडीतून स्काय बेटावर नेलं होतं, आठवतं? मागे खोक्यांवर आपण दोघी, अंगाला आठवडाभर वास. दिसेल त्या पडक्या बुरुजाला तू ‘हा माझा’ म्हणत सुटलीस, मला एक ठेवला नाहीस. तेवढी मजा मला पुन्हा कशात आली नाही.

अजून किल्ल्यात फरशाच पुसतेस का, असं विचारलंयस. नाही. अकरा वर्षं झाली, मी लोकांना किल्ला दाखवते. आमचे फार्कहार साहेब तेव्हा म्हणाले, “एफी, सगळ्या किल्ल्यांना भूत आहे, आपल्यालाच नाही. बसवाले थांबेनात.” मी म्हटलं, “मग काय करू, वाण्याकडून आणू?” पण एका ओल्या मंगळवारी चाळीस माणसं जांभया देत समोर उभी होती आणि माझं तोंड आपोआप उघडलं. तीनशे वर्षांपूर्वी एक मुलगी हिरवा झगा घालून मनोऱ्याच्या खिडकीत उभी राहिली, म्हटलं. तिला न्यायला माणूस येणार होता. सकाळची संध्याकाळ झाली, तो आला नाही. जांभया थांबल्या.

तुला कळलंच असेल. तुझा हिरवा कोट, तुझी बांधलेली पेटी, तो शनिवार आणि तुला न्यायला यूअन ज्या बसने येणार होता ती बस. माझ्या बहिणीचं दुःख मी भूत करून विकलं. आता ते दुकानात बश्या पुसायच्या फडक्यांवरही छापलंय. दुसरा गाईड मर्डो तर रडण्याचा आवाजही काढतो, मरत्या बकरीसारखा. मी आज गप्प बसले तरी गोष्ट थांबायची नाही.

एवढंच असतं तर तू दोन शिव्या देऊन हसली असतीस. पण माझ्या गोष्टीत एक दासीही आहे. पुरात पूल गेला म्हणून तो माणूस निरोप पाठवतो, खाली नदीकाठी थांबलोय, ये. निरोप दासीच्या हाती पडतो आणि ती सांगत नाही. लोक विचारतात, का सांगितलं नाही? मी म्हणते, इतिहासाला ठाऊक नाही. एक अमेरिकन बाई म्हणाली, “तिला कड्यावरून ढकलायला हवं होतं.” मी म्हटलं, “हो बाई, पण मग फरशा कोण पुसणार होतं?” सगळे हसले. मीही हसले. मग भांड्यांच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

डोलिना, त्या शनिवारी पूल गेला नव्हता, घाटात दरड पडली होती. चारला स्वयंपाकघरातला फोन वाजला, मी बटाटे सोलत होते. यूअन म्हणाला, “बस वर येत नाही गं. डोलिनाला पायवाटेने खाली स्टेशनवर पाठव, सातच्या गाडीपर्यंत थांबतो.” मी ‘बरं’ म्हटलं आणि बटाटे सोलत राहिले. आई अंथरुणाला खिळलेली. तू गेलीस की ते घर, ती माणसं, ती मोरी सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात, एवढंच डोक्यात होतं. सहाला मी तुला वर चहा आणून दिला. तू म्हणालीस, “एफी, तू आहेस म्हणून बरं.” तू येत नाहीस असं त्याने धरलं, त्याने फसवलं असं तू धरलंस. दोन वर्षांनी तू गेलीसच. मला तेवढी दोनच वर्षं मिळाली.

हे तुला मर्डोच्या तोंडून, चाळीस अनोळखी माणसांत कळू नये म्हणून लिहितेय. दासीची गोष्ट आली की तू ओळखशीलच, तू नेहमी माझ्यापेक्षा हुशार. माफी मागायला शब्द शोधले, मला सापडले नाहीत. बस फाटकाशी पन्नास मिनिटं थांबते. उतरायचं की नाही ते तू ठरव. गुरुवारी सकाळपासून मी मनोऱ्याच्या खिडकीत उभी राहीन. चहा कोणी आणणार नाही, मी सांगून ठेवलंय.

तुझीच,
एफी