मॅडमले थुकाले लावलं

मूल, ६ जानेवारी २०२५

ति. वच्छलाबाईले धाकट्या अंकुशचा सेवा जोहार. वि. वि. तुमचा फोन बिघडून पडला म्हणून कागद खराब करून राह्यलो.

सफारीच्या गाईडची मुलाखत झाली. तुझ्या भावानं नाक कापून घेतलं, दुसरं काय! इंग्रजीच्या क्लासात 'व्हॉट इफ' घोकून घोकून शिकलो. जे झालं नाई ते झालं असं धरून चालाचं, मग आपण काय करू ते सांगाचं. राइस मिलमध्ये पोते उचलतानी बी 'व्हॉट इफ पोतं फाटलं' चालू. लोक म्हणे, पोरगा गेला कामातून.

मुलाखत नेमकी जंगलाच्या गेटवर, झाडाखाली. मॅडमनं इंग्रजीत विचारलं, गाडीसमोर वाघ आला तर? अर्थ पुरा समजला, बाई. पण जंगलात त्याचं नाव घ्याचं, वरून 'आला तर' म्हणाचं? मी हात जोडून म्हटलं, मॅडम, आधी थुका, बोललं ते वापस घ्या. बिचारी थुकली बी! सारे पोट धरून हासले.

आता नोकरी गेली समज. चाललो तेलंगणात मिरच्या तोडाले. आई तुझ्याकडंच आहे, तिले हळूच सांगजो. हासून झालं का लोभ ठेवजो.

तुझा अंकुश


आरमोरी, १२ जानेवारी

चि. अंकुशले अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचता वाचता माझी भाजी करपली. बावऱ्या, मॅडमले थुकाले लावणारा आपल्या खानदानात तूच पहिला!

आईले सांगतलं. ती हासली नाई, पण दोनदा भात मागून जेवली. मोहफुलं वेचतानी बाबाले वाघानं नेलं, तेव्हापासून ती अशी जेवली नवती. आपल्या घरात ते 'धरून चालाचं' नाई रे, होऊन गेलेलं आहे. ती म्हणते, मिरच्यानं हात जळते, पण पोरगा घरी येते.

तुझे भाऊजी जोहार सांगतात. जीव लागून राह्यते, पत्र टाकत जा.

वच्छला


मूल, १८ जानेवारी

ति. बाईले जोहार. वि. वि. उलटंच झालं! मॅडमनं मलेच घेतलं. म्हणे, फोटोसाठी गाडी जवळ दामटणारे लई आले, भेव असलेला हा एकच. म्हणजे तुझा भाऊ भित्रा म्हणून पास झाला. क्लासची फी फुकट गेली ना!

एक तारखेले हजर व्हाचं आहे. आईले विचार. ती नाई म्हणली तर मी खरंच मिरच्याले जातो, तोंड वाकडं करणार नाई. सांभाळून घे मले.

अंकुश


आरमोरी, २३ जानेवारी

चि. अंकुशले आशीर्वाद. वि. वि. आईनं तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. आज सकाळी अंगण झाडता झाडता म्हणली, जाऊ दे त्याले. भेव सोडू नको म्हणावं. गाडीतल्या लोकायच्या बी आया घरी वाट पाहत असतीन.

वच्छला