ठकूचं दुसरं पुस्तक

प्रिय ठकू,

तुझं पुस्तक आज दुपारी वाचून झालं. तुझ्या आईनं ते दीड दिवसात फस्त केलं होतं. गॅसवर दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नव्हता. मला मात्र एकोणतीस दिवस लागले. सतरा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट अशी घटाघटा पिऊन टाकायची नसते, असं मी तिला ऐकवलं, आणि पुढचं अवाक्षर काढलंस तर याद राख, अशी तंबीही दिली. बिचारी महिनाभर ओठ आवळून घरात वावरत होती. मध्येच माझ्याकडे बघून हसायची, मध्येच डोळे पुसायची. विचारलं तर म्हणायची, कांदा चिरतेय. हातात कांदा नसायचा.

रोज आठ पानं, असा नेम धरला होता. दुपारी दोन ते चार आपल्या सलूनमध्ये कुणी फिरकत नाही, हे तुला ठाऊकच आहे. मग मी खाली पडलेले केस झाडून घ्यायचो, साबणानं दोनदा हात धुवायचो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचो. पंचेचाळीस वर्षं त्या खुर्चीमागे उभा राहिलो, पण ती इतकी आरामशीर आहे हे तुझ्यामुळे कळलं. पावडरचा वास, पंख्याची कुरकुर, आणि बेटावरच्या दीपगृहात रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्या तुझ्या पुस्तकातल्या त्या दोघी बहिणी. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. तरी तिसऱ्या दिवसापासून दुकानाच्या फरशीवर हळूहळू पाणी चढतंय असं वाटायला लागलं. वाचता वाचता पाय वर घेऊन बसायचो. धुक्याचं प्रकरण चालू होतं तेव्हा शेजारच्या शाळेतले मास्तर दाढीला आले आणि पंधरा मिनिटं बाकावर बसून राहिले. मला ते दिसलेच नाहीत. हाक का मारली नाही म्हणून नंतर विचारलं, तर म्हणाले, होडीत झोपलेल्या माणसाला हलवू नये.

पण खरं सांगू का, सुरुवातीला मी वाचत नव्हतोच, शोधत होतो. स्वतःला. तुझ्या पहिल्या पुस्तकात एक केस कापणारा बाप होता. आदल्या दिवशी भांडण झालेलं असतं, मुलगी बॅग उचलून दुसऱ्या शहरात राहायला निघते, आणि हा गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर काढत नाही, मागे वळूनही बघत नाही. ते पान इथं घरोघरी वाचलं गेलं. खुर्चीत बसलेली माणसं माझ्याकडे टक लावून बघायची. ठकू, मी वळलो नाही हे खरं आहे. पण माझ्या धंद्यात वळावं लागत नाही. समोर भिंतभर आरसा आहे. तू पायरी उतरलीस, रस्ता ओलांडलास, औषधांच्या दुकानापाशी बॅग या हातातून त्या हातात घेतलीस, जरा थांबलीस, मग कोपऱ्यावर दिसेनाशी झालीस. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या कानाला माझी कात्री लागली. रक्त आलं. तो ओरडला नाही. त्यालाही आरशात दिसत होतं ना.

या पुस्तकात बापच नाही. आई आहे, बहिणी आहेत, आठवड्यातून एकदा येणारा होडीवाला आहे, लंगडी शेळीसुद्धा आहे. बापाची खुंटीवर अडकवलेली टोपीदेखील नाही. मेला की पळाला, तेही नाही. दहाव्या दिवशी मला हायसं वाटलं. पंधराव्या दिवशी वाईट वाटायला लागलं. डोक्यावर भोवरा असतो बघ, तिथं केस सरळ जात नाहीत, वळसा घालून पुढे जातात. डोळे मिटले तरी बोटांना तो कळतो. तसे भोवरे तुझ्या पानांवर मला जागोजागी जाणवायला लागले. धाकटी विचारते, हा दिवा सगळ्यात आधी कुणी लावला, आणि आई उत्तर न देता काच पुसायला घेते. तिथं मी पुस्तक मिटलं. रस्त्यावरून लोक जात-येत होते, ऊन खुर्चीच्या हातावरून माझ्या गुडघ्यावर आलं, आणि मला वाटत होतं, ती काच मी इकडून पुसावी.

आज शेवटची पानं झाली. दुकान लवकर ओढून घेतलं आणि घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं की संपलं, आता बोल काय बोलायचं ते. महिनाभर साठवलेलं खूप असेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “ती अजून तुमचं ऐकतेय हो.” तेव्हा मला तो फोन आठवला. पहिलं पुस्तक वाचल्यावर मी तुला फोन केला होता. तू आनंदानं काही सांगायला लागली होतीस, ते मध्येच तोडून मी म्हणालो होतो, “यापुढे माझ्यावर एक अक्षर लिहायचं नाही.” तू म्हणालीस, बरं बाबा. त्यानंतर आपण फक्त हवापाणी आणि आईचे गुडघे यांवर बोलत आलो. तू रागावली आहेस असं मी धरून चाललो. तू तर दिलेला शब्द पाळत होतीस, आणि मला वळसा घालत घालत लिहायला तुला इतकी वर्षं लागली. हे फोनवर सांगायला गेलो तर पुन्हा हवापाण्यावर येईन, म्हणून लिहितोय. ते वाक्य मी परत घेतो. माझ्यावर लिही. वाईट दिसलो तर वाईट लिही, तुला दिसलो तसा लिही. फक्त तिसऱ्याला एवढा वेळ लावू नकोस. मी आता एकाहत्तरचा आहे.

तुझाच,
बाबा