मागची सीट

१० फेब्रुवारी २०२४, रत्नागिरी

टोरांटोहून जावयाचा, सुजयचा फोन. ह्यांनीच घेतला. ठेवला आणि भिंत धरून उभे राहिले. "श्रुती सिरियस आहे. डोक्यातली शीर फुटली. बॅग भर गो."

नशीब, व्हिसा गेल्याच वर्षी काढलेला. कुळथाचं पीठ घेतलं. आजारातून उठली की पिठीच मागते माझी बाय. हे बघत राहिले नुसते.

११ फेब्रुवारी, मुंबई विमानतळ

दोहाला विमान बदलायचं, मधे वेळ थोडा. म्हणून सुजयने दाराजवळच्या सीटा घेतल्यात. फोनवर तीनतीनदा बजावलं— "आई, दार उघडलं की आधी उतरा. कुणासाठी थांबू नका!"

इथे गटागटाने चढवतात. पुढे बसणारे आम्ही, आणि आमचा गट शेवटचा! कसली ही रीत, कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, दोहा

चुकलं! दुसरं विमान चुकलं!

आमच्या शेजारच्या तिसऱ्या सीटवर एक इवलीशी पोर एकटीच. तिची आई तान्ह्याला घेऊन पार शेपटाकडे. पोर "आई, आई" करून आक्रोश करत होती. लेकीला आईपासून लांब का बसवावं? एसटीत उठते तशी उठले, त्या आईला माझी जागा दिली आणि मागे जाऊन बसले.

उतरताना पुढचं माणूस हलेल तर शपथ! जो तो बॅगा काढतोय. मी दाराशी आले तर हे बाहेर भिंतीला टेकून उभे. विमानतळावरची बाई हातवारे करून सांगतेय— पळा, पळा!

"तुम्ही तरी पुढे जायचं होतं!"

"एकटा पुढे जाऊन काय करू, प्रेमला?"

जन्मभर माझ्या पुढे चालले. बाजारात, लग्नाकार्यात, कधी वळून बघितलं नाही. आणि आज थांबले! धावलेसुद्धा नाहीत. आम्ही पोचलो तर दार मिटलेलं. नको नको ते बोलले मी. "बाप आहात की कोण?" ह्यांनी माझ्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्याला लावली.

पुढचं विमान उद्या. लेक तिथे आमची वाट बघतेय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हे जेवले नाहीत. मी विचारलंही नाही.

१३ फेब्रुवारी, दोहा

पुन्हा रांग. आज कुणी जागा मागितली तर देणार नाही. नाही म्हणजे नाही!

सीटा लांब लांब मिळाल्या. "बदलून मागू का गो, शेजारी बसू?" म्हणाले. "काही नको," म्हटलं. ह्यांचं तोंड बघवत नाही मला.

१४ फेब्रुवारी, टोरांटो

रत्नागिरीला फोन आला तेव्हाच श्रुती गेली होती. सुजयने ह्यांना खरं सांगितलं होतं. मला प्रवास झेपणार नाही म्हणून दोघांनी लपवलं.

काल एवढ्या लांबच्या विमानात ह्यांच्या दोन्ही बाजूंना परकी माणसं होती.